पहिल्यांदा मोर्चाला जाताना: दहा जणींचा कागद

मोर्चाची तारीख कळली की आधी एक कागद घ्या आणि त्यावर दहा नावं लिहा. तुमच्या गल्लीतल्या, तुमच्या बीटमधल्या (म्हणजे एकाच पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांतल्या), एकाच बिल्डिंगमध्ये धुणीभांडी करणाऱ्या दहा जणी. नावापुढे त्यांचा नंबर, घरच्या एका माणसाचा नंबर आणि कुणाला गोळी चालू असेल तर ती कसली. पिशवी, घोषणा, बॅनर हे सगळं त्यानंतर. मी मानखुर्दच्या एका वस्तीत 24 वर्षं अंगणवाडी सेविका आहे. आझाद मैदानात किती वेळा गेले ते मोजलेलं नाही, पण दरवेळी सुरुवात या कागदाने करते.

कारण माझ्या पहिल्या मोर्चात आमची एक बाई मागे राहिली होती. आमच्या शेजारच्या अंगणवाडीतली मदतनीस, साठीला आलेली, आम्ही सगळ्या तिला मावशी म्हणायचो. परतताना सीएसएमटीच्या भुयारी मार्गात गर्दी फुटली, आम्ही चौघी एका जिन्याने वर आलो, मावशी दुसऱ्या. तिच्याकडे फोन नव्हता. ती पुढच्या डब्यात असेल असं आम्ही एकमेकींना सांगत गाडीत बसलो. रात्री साडेअकराला तिचा मुलगा माझ्या दारात. "ताई, आई कुठाय?" एवढंच बोलला. मावशी हार्बर लोकलच्या प्लॅटफॉर्मवर बाकड्यावर बसून होती, कारण सकाळी मीच तिला सांगितलं होतं की चुकामूक झाली तर इथेच थांब. रेल्वे पोलिसांतल्या एका बाईने तिला शेवटच्या गाडीत बसवून दिलं. मी माझं सांगणं विसरले होते, तिने ते पाळलं होतं. तेव्हापासून दहा नेल्या तर दहा आणायच्या, आणि अकरावी जमली तर तिला दुसऱ्या कागदावर घ्यायची. दहापेक्षा जास्त माणसं एका बाईच्या नजरेत राहत नाहीत.

कागदावर दहा जणींच्या खाली एक जागा घरी थांबणारीसाठी ठेवा. हे मी आईकडून घेतलं. 1972-73 चा दुष्काळ, धान्य महाग, रॉकेल मिळेना. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा मी आईच्या पोटात होते. लालबागच्या आमच्या चाळीतून आई गेली होती. ते लाटणं आजही माझ्याकडे आहे, एका टोकाला थाळीच्या काठाने पडलेल्या बारीक खाचा आहेत, पोळी लाटताना अंगठ्याला लागतात. ज्यांना घर सोडता येत नव्हतं त्या ठरल्या वेळेला दारात उभ्या राहून थाळ्या वाजवायच्या. म्हणजे तान्हं मूल असलेली, घरात आजारी माणूस असलेली बाईही आंदोलनात होती. आमच्यात अशी बाई त्या दिवशी दहा घरांची मुलं सांभाळते आणि तिच्याकडे कागदाची दुसरी प्रत असते. कुणाच्या नवऱ्याचा फोन आला की ती उत्तर देते. मैदानात नेटवर्क अडकतं तेव्हा या एका बाईमुळे दहा घरं शांत राहतात.

पैशाचं आधी बोला

एक दिवसाचा मोर्चा आणि बेमुदत संप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोर्चाला एका दिवसाचा खाडा आणि गाडीभाडं जातं. संपात चूल जाते. माझे वडील गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप मागे घेतला असं रीतसर कधी कुणी जाहीरही केलं नाही. मी तेव्हा नऊ वर्षांची. पहिल्या महिन्यात चाळीत जोश होता. चौथ्या महिन्यात आईने पितळेची भांडी मोडीत घातली. सहाव्यात ती दुसऱ्यांचे डबे करायला लागली आणि आम्हाला त्यातलं उरलेलं मिळायचं. वडील शेवटपर्यंत गेटवर गेले, पण घर आईच्या हातांवर चाललं आणि त्याचा हिशोब संप ठरवताना कुणी मांडला नव्हता.

म्हणून आम्ही 4 डिसेंबर 2023 ला राज्यभरातल्या अंगणवाड्या बंद करून संपावर गेलो, त्याच्या दोन महिने आधी आमच्या दहा जणींनी वही काढली होती. घरात तांदूळ किती दिवसांचा, बचत गटाचा हप्ता कितीचा, मुलांची फी कोणत्या महिन्यात, भाडं कुणाचं थकलंय. किराणावाल्याला आम्ही आधीच जाऊन सांगितलं की आम्ही संपावर जाणार आहोत, उधारी वाढेल, पण प्रत्येकीचं खातं आमच्यातल्या दोघी बघतील. सहा महिने आधीपासून दर महिन्याला शंभर रुपये बाजूला टाकले होते. तो संप 52 दिवस चालला. आमच्या दहांतली एकही मध्येच कामावर परतली नाही, आणि याचं कारण मला विचाराल तर भाषणं नाहीत, ती वही आहे. तुम्ही कंत्राटी सफाईवाले असा, डिलिव्हरी करणारी पोरं असा की घरकामगार, बेमुदत शब्दाला हात वर करण्याआधी ही वही भरा. ज्या बाईचं घर वीस दिवसच टिकणार आहे, तिला ते बोलता आलं पाहिजे आणि तिची लाज वाटू नये अशी तुमची बैठक हवी.

तारखेबद्दल थोडं. विधिमंडळाची अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशनं मुंबईत होतात, हिवाळी नागपूरला. अधिवेशन चालू असताना मंत्री शहरात असतात, सभागृहात प्रश्न विचारला जाऊ शकतो, म्हणून मोर्चे त्या दिवसांत. परीक्षेचे दिवस मात्र बघून घ्या. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून शेतकरी चालत आले, जवळजवळ 180 किलोमीटर. 11 तारखेच्या रात्री ते सायनच्या सोमय्या मैदानावर पोचले होते, पाय फुटलेले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता, मुलांना ट्रॅफिकचा त्रास नको म्हणून ते झोपलेच नाहीत, रात्रीच उठून आझाद मैदानाकडे चालू लागले. सकाळी मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन त्यांच्यासाठी उभे होते. या शहराला रोज लोकल पकडायची असते. त्याला अडवून आपण एक दिवस दिसतो, त्याला सांभाळून घेतलं तर ते आपल्या बाजूला येतं.

परवानगीचं काम संघटना करते, पण तुम्हीही विचारा: अर्ज दिला का, पोच आहे का, अटी काय आहेत. आता मुंबईत आंदोलनासाठी आझाद मैदानातला राखलेला भागच मिळतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला परवानगी मिळाली तेव्हा अट होती 5000 माणसं आणि सकाळी 9 ते संध्याकाळी 6. प्रकरण पुढे हायकोर्टात गेलं. तेव्हा अटीचा कागद फोनमध्ये फोटो काढून ठेवा. संध्याकाळी सहाला कुणी "हलायचं नाही" म्हणालं, तर हे संघटनेचं ठरलेलं आहे की माइक हातात आलेल्या एकट्याचं, ते तुम्हाला कळलं पाहिजे.

पिशवी, गाडी, संडास

पिशवी हलकी हवी. लिटरभर पाणी, चपातीत शेंगदाण्याची चटणी गुंडाळून केलेल्या दोन-तीन गुंडाळ्या, गुळाचा खडा, एखादं केळं, मीठ-साखरेची पुडी. भात नको, दुपारपर्यंत आंबतो. टोपी किंवा मोठा रुमाल, पावसाळ्यात छत्रीऐवजी रेनकोट, कारण गर्दीत छत्रीची काडी डोळ्यात जाते. खाली अंथरायला जुनी सतरंजी नको, प्लास्टिकची गोणी फाडून घ्या, चिखल असला तरी बसता येतं. आधार कार्डाची झेरॉक्स, मूळ कार्ड नाही. मंगळसूत्र घरी ठेवा, काळ्या मण्यांची साधी पोत घाला. पायात पट्टा असलेली चप्पल. अंगठ्याची चप्पल जिन्यावर निसटते आणि ती उचलायला बाई वाकते, तिथेच धोका असतो. झेंड्याची काठी बारीक. संविधानाच्या कलम 19 ने आपल्याला शांततेने आणि शस्त्राविना जमण्याचा हक्क दिलाय, जाड बांबू घेऊन त्या हक्काला बाधा आणू नका.

फोन नंबर हातावर बॉलपेनने लिहा. कोपराच्या आतल्या बाजूला, तिथे घामाने लवकर पुसत नाही. फोनमध्ये नंबर आहेच, असं म्हणू नका. चारला बॅटरी संपते.

आमच्यासाठी हार्बर थेट सीएसएमटीला जाते. सातच्या आत निघा, नाहीतर कामावर जाणाऱ्यांच्या गर्दीत दहा जणी एका डब्यात चढूच शकत नाहीत. उतरल्यावर बाहेर पडायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच भिंतीला उभं राहून मोजणी. मग भुयारी मार्ग, मग मैदान. पोचल्यावर सगळ्यात आधी परतीला भेटायची जागा ठरवा आणि सगळ्यांनी तिथे जाऊन पाय लावून या. "गेटजवळ" ही जागा नव्हे. विशिष्ट झाड, विशिष्ट खांब, विशिष्ट दुकानाची पाटी. मावशीच्या प्रकारानंतर मी प्रत्येकीकडून ती जागा मोठ्याने म्हणून घेते.

आणि संडास. यावर स्टेजवरून कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. बायका मोर्चाच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण जायचं कुठे. मग दुपारी दोनच्या उन्हात चक्कर येऊन पडतात. मी अशा तिघींना माझ्या डोळ्यांसमोर पडताना पाहिलंय, एकीचं डोकं कठड्यावर आपटलं. पाणी प्या. स्टेशनवर उतरल्यावर सगळ्या जणी जाऊन या. मैदानात दर दोन तासांनी दोघी-दोघींनी जा, एकटीने कधीच नाही. सुटे पैसे, साबणाची चकती, पॅड, काळी पिशवी एकीच्या जबाबदारीवर द्या. संघटनेच्या बैठकीत महिला म्हणून पहिली मागणी हीच मांडा की फिरते संडास किती आणि बाजूला नळ आहे का. ज्या आंदोलनात हजारो बायका उन्हात बसतात आणि मंडप फक्त स्टेजवर असतो, तिथे मी उठून बोलते, तुम्हीही बोला.

गर्दी हलली तर

दोन प्रसंग असतात आणि दोन्हींना उलटं वागायचं असतं. कुणी दगड उचलला, ओळखीचा नसलेला माणूस पुढे जाऊन पोलिसांना शिव्या द्यायला लागला, तर आपल्या दहा जणींनी जागच्या जागी खाली बसायचं. आजूबाजूच्यांना "बसा, बसा" म्हणायचं. बसलेल्या बायकांमध्ये उभा राहिलेला माणूस लगेच उघडा पडतो, आणि त्याच्या हातात दगड असला तरी तो कुणाच्या आडून मारू शकत नाही.

पण गर्दी ढकलायला लागली, श्वास कोंडायला लागला, तर बसायचं नाही. हात छातीसमोर मुठी करून धरा म्हणजे फुप्फुसाला जागा राहते. गर्दीच्या उलट दिशेला जाऊ नका. तिच्याबरोबर जात जात तिरकं कडेला सरका. काही पडलं तर सोडून द्या. परतताना पुलावर किंवा जिन्यात गर्दी दिसली तर थांबा, एक गाडी सोडा, दोन सोडा. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर 23 माणसं गेली. तिथे मोर्चा नव्हता, पाऊस होता आणि अरुंद जिना होता. मी पुलाच्या पायथ्याशी दहा जणींना घेऊन पाऊण तास बसलेली आहे. घरी उशिरा पोचलो, पण पोचलो.

पोलिसांशी बोलायला एकच बाई ठरवा, बाकीच्या गप्प. पोलिसांतल्या मुलीही आपल्यासारख्याच सकाळपासून उभ्या असतात, त्यांना पाणी विचारा. गाडीत बसवून नेलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा ते ताब्यात घेणं असतं, संध्याकाळी सोडतात. शांतपणे विचारा, "आम्हाला अटक केली आहे का?" अटक असेल तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं, आणि तुमच्या पसंतीच्या वकिलाशी बोलायचा हक्क आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाच्या आधी बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी घ्यायची असते. हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43 मध्ये आहे. कोऱ्या कागदावर सही करू नका. जे वाचता येत नाही ते वाचून दाखवायला सांगा.

पत्रकार येतात तेव्हा आकडे सांगा. "आमच्यावर अन्याय होतोय" हे वाक्य पेपरात छापून येत नाही. "मी सकाळी साडेआठला अंगणवाडी उघडते, दुपारी आहाराची नोंद करते, घरोघरी वजनं घेते, फोनवर माहिती भरते, आणि महिनाअखेरीला हातात इतके रुपये येतात, गेल्या वेळी तेही सात आठवडे उशिरा आले" हे छापून येतं. आदल्या रात्री प्रत्येकीने आपलं असं एक वाक्य पाठ करून ठेवावं. आमच्यातली सगळ्यात लाजरी बाई कॅमेऱ्यासमोर एकदा म्हणाली, "मी दुसऱ्यांच्या मुलांना जेवायला घालते आणि माझ्या पोरीला चहा-चपातीवर शाळेत पाठवते." नंतर तिला रडू आलं. ते वाक्य कुणी लिहून दिलं नव्हतं.

निवेदन आणि शिष्टमंडळ

तुम्ही उन्हात बसलेल्या असताना खरं काम चालतं ते आत मंत्रालयात. पाच-सात जणांचं शिष्टमंडळ बोलावलं जातं. त्यात पुढारी असतातच. एक तरी बाई अशी हवी जी उद्या सकाळी पुन्हा कामावर जाणार आहे. तिला साहेब खोटं सांगू शकत नाहीत की हे आधीच लागू झालंय, कारण तिला माहीत असतं झालेलं नाही.

निवेदन एक पानाचं. मागण्या पाचच्या आत, प्रत्येकीपुढे आधार: कोणत्या तारखेचा शासन निर्णय, कोणता निकाल. आमच्या निवेदनात 25 एप्रिल 2022 ची तारीख असते, त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना मिळणारी रक्कम) कायद्याखाली येतात. तारीख लिहिली की समोरच्याला फाइल काढावी लागते. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

एकदा आम्ही हे चुकलो. कोणतं खातं ते सांगत नाही. साहेबांनी चहा पाजला, म्हणाले आम्ही सकारात्मक आहोत, प्रस्ताव वित्त विभागाकडे पाठवलाय, पंधरा दिवसांत होईल. आम्ही मैदानात येऊन सांगितलं, गुलाल उधळला, हजार बायका नाचत घरी गेल्या. दोन महिन्यांनी विचारायला गेलो तर बैठकीची नोंदच नव्हती. साहेबांची बदली झाली होती. त्या हजार बायकांना पुन्हा खाडा करून आणायला मला एक वर्ष लागलं, आणि त्यातल्या बऱ्याच जणी परत आल्याच नाहीत. त्यांना मी दोष देत नाही.

तेव्हापासून बैठकीतून उठण्याआधी तीन गोष्टी मागतो: इतिवृत्त (बैठकीत काय ठरलं त्याची लेखी नोंद), त्यावर सही, आणि कोणती मागणी कोणत्या तारखेपर्यंत. 2018 च्या शेतकऱ्यांनीही लेखी आश्वासन घेऊनच मैदान सोडलं. तरी त्यांना 2019 च्या फेब्रुवारीत पुन्हा चालायला लागलं, आणि 2023 च्या मार्चमध्ये परत एकदा. लेखी कागद मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. पण तो कागद होता म्हणून पुढच्या वेळी त्यांना तेच बोलणं पहिल्यापासून सुरू करावं लागलं नाही.

मोर्चा संपल्यावर

ठरलेल्या जागेवर मोजणी, मग गाडी. डब्यात बसल्यावर पुन्हा मोजणी. घरी पोचल्यावर प्रत्येकीने ग्रुपवर "पोचले" टाकायचं, हात-पाय धुण्याआधी. दहावा "पोचले" येईपर्यंत मी जेवत नाही, आणि घरी थांबलेलीही फोन खाली ठेवत नाही.

पुढच्या आठवड्यात फोनवर शासन निर्णयाची पीडीएफ फिरायला लागेल. ती पुढे पाठवायच्या आधी शेवटी छापलेला संकेतांक बघा आणि तो शासनाच्या वेबसाइटवर टाकून तोच निर्णय येतो का ते तपासा. जुना कागद नव्या तारखेने फिरवलेला मी दोनदा पकडलाय. निर्णय आलाच नाही तर महिनाभराने माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत: अमुक तारखेच्या बैठकीचे इतिवृत्त आणि त्यावर झालेल्या कार्यवाहीची प्रत मिळावी. उत्तराला 30 दिवस. अर्ज एकीच्या नावाने टाकू नका, दहा जणींनी दहा टाका, प्रत्येकीने आपल्या एका मागणीबद्दल विचारा. एका बाईला फोन करून "कशाला भानगडीत पडतेस" म्हणता येतं. दहा जणींना तसं म्हणायला फार वेळ लागतो. आमचे मागचे दहा अर्ज मंगळवारी टाकले, पोचपावत्या त्याच कागदाला टाचून ठेवल्यात.